निळा, चाळीस टक्के

मी दिव्यांचा माणूस. डिचोलीचा.
अकरा वर्षं इलारियोच्या तियात्र कंपनीत
डिमरच्या पेटीमागे बसतो.
त्याचं रडणं मला मिनिटासकट पाठ आहे:
चौथा पडदा, पोरगा कुवेतहून येत नाही,
तो टेबलावरची बशी पालथी करतो,
मी निळा चाळीस टक्क्यांवर आणतो,
मग तो रडतो. आधी नाकातून,
मग उचकी लागल्यासारखा,
मग एकदम बोकडासारखा,
आणि बाल्कनीपर्यंत माणसं हसून हसून डोळे पुसतात.

त्या बोकडावर चिंचणीचं घर उभं राहिलं,
दोन पोरींची लग्नं झाली,
आईचा मोतीबिंदू निघाला.

आई एप्रिलात गेली. पिएदाद नाव.
इगर्जीत मी शेवटच्या बाकावर,
पुढच्याचं बघून उठत होतो, गुडघे टेकत होतो.
बँड आमचाच.
रात्री कांताराला उसळणारा मार्तीरचा ट्रम्पेट
सकाळी शवपेटीमागून पाय ओढत चालला.
मूठभर माती टाकताना इलारियो रडला.
आधी नाकातून.
मग उचकी लागल्यासारखा.
आणि गर्दीतलं एक लहान पोर
खुदकन हसलं.

पोराचं काही चुकलं नाही.
त्याने तिकीट काढून पाहिलं होतं हे.
कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.
इलारियो मधेच थांबला, वर बघितलं,
जणू कुणाचा तरी दिवा चुकला.
माझा हात खिशात
डिमरची कळ शोधत होता.

नंतर कितीतरी दिवस तो जेवताना म्हणायचा,
'नमान मारिये म्हणतो, बाबा,
आणि माझ्याच कानाला संवाद वाटतो.
वर बसलेला म्हणत असेल,
आला, आपला नंबर करायला.'

मे महिन्यात वाड्याच्या खुरसासमोर लादाईन.
अबोलीच्या माळा, कागदी पेल्यांत मेणबत्त्या.
मेस्त लिगोर तापाने आडवा.
सगळे म्हणाले, इलारियो, तू सांग,
आवाज आहे तुझा.
'नको,' तो म्हणाला,
'पुढे उभं केलंत, तर करून दाखवीन.'

मग पोदेराची विधवा एस्पेरांस पुढे झाली,
जिला सूर आयुष्यात सापडला नाही.
व्हायोलिन तिच्या मागे धावत राहिलं.
इलारियो मागे, स्कूटरींपाशी, माझ्या शेजारी.
ती लॅटिन अडखळत एकेक नाव घेई
आणि सगळा वाडा एका तोंडाने:
ओरा प्रो नोबिस.
आमच्यासाठी विनव.
आमच्यासाठी. 'माझ्या' कुठेच नाही.

तीस वर्षांत अशी भूमिका त्याला मिळाली नव्हती.
तीन शब्द, पन्नास वेळा,
टाळी कुठे घ्यायची ते ठरलेलं नाही.
पहिली दहा नावं त्याचा आवाज वर तरंगत होता,
पोटातून आलेला, तयार.
आरशाचं नाव आलं, गुलाबाचं, मनोऱ्याचं.
तोवर ते तीन शब्द
माझ्याही तोंडात येऊन बसले होते.
पहाटेच्या ताऱ्यापाशी मी कान दिला
तर त्याचा आवाज वेगळा काढता येईना.

तो रडत होता का, ते सांगता येणार नाही.
मेणबत्त्यांचे टक्के मला कळत नाहीत.

मग उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या,
बोटभर फेणी.
ते हसणारं पोर द्रोण घेऊन आलं.
इलारियोने त्याच्याकडे
आणखी चणे मागितले.

रविवारी मडगावला शो.
बशी पालथी. निळा. बोकड.
बाल्कनी कोसळली.
आत येऊन टॉवेलने रंग पुसत त्याने विचारलं,
'आज चाळीसच होता ना?'
'अडतीस,' मी म्हटलं.
'बरा होता,' म्हणाला.